दागरोसचा वाटा

व्हॉसच्या आमच्या दरीत दोन गोष्टींची तारीफ हमखास व्हायची. एक, आन्फिनच्या घरची बिअर. दुसरी, त्याच्या शेजाऱ्याच्या, तोर्स्टाइनच्या गाई. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे सव्वीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आन्फिनच्या तर नाहीच नाही.

तसं बघितलं तर बिअरचं काम सोपं. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, की झालं माल्ट. चुलीवर जुनिपर नावाच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या घालून पाणी तापवायचं, ते लाकडी पिंपातल्या माल्टवर ओतायचं आणि झाकण ठेवून गप्प बसायचं. दाण्यातला गोडवा पाण्यात उतरला की बुडाची तोटी सोडून तो काढा काढून घ्यायचा, आणि दाणे धुऊन निघेपर्यंत वरून गरम पाणी घालत राहायचं. मग काढा उकळायचा, निववायचा, यीस्ट घालायचं. पिंपात मागे उरतो तो चोथा. आन्फिनच्या घरचा चोथा बादल्या भरभरून वर तोर्स्टाइनच्या गोठ्यात जायचा. तिथली दागरोस नावाची थोराड गाय बादलीचा नुसता आवाज ऐकून दावं ताणायची, आणि चोथा संपला तरी बादलीचं बूड चाटत बसायची.

"बिअर छान असते रे तुझी," तोर्स्टाइन दर खेपेला म्हणायचा. "पण दागरोसला विचारशील तर ती म्हणेल, खरा माल माझ्याकडे येतो."

आन्फिन पोट धरधरून हसायचा. या वर्षापर्यंत.

या वर्षी त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, सिग्नेचं लग्न ठरलं. बर्गनच्या एस्पेननं मे महिन्यात तिला विचारलं, ती हो म्हणाली, आणि त्याच आठवड्यात पोरीनं घरामागच्या तुकड्यात आपल्या हातानं सातू पेरला. लग्नाची बिअर घरच्या सातूची, हा त्या घरचा रिवाज. आन्फिनच्या लग्नाला तशी होती, त्याच्या बापाच्या लग्नाला तशी होती. दीडशे लिटरला तीन पोती माल्ट लागायचं आणि पीकही तेवढं उभं होतं. पण ऑगस्टात एका पहाटे हरणांचा कळप कुंपण ओलांडून आला. सकाळी सिग्ने दारात उभी राहून बघत होती, तेव्हा त्यातलं एक हरीण तिच्याकडे तोंड करून शांतपणे चावत होतं, म्हणे. उरलेलं कापून, मोड आणून, वाळवून भरली ती दोन पोती.

"एक पोतं दुकानातून आणू या की, बाबा," सिग्ने म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा चेहरा असा पडला की आन्फिननं विषयच बदलला.

आता तुम्ही म्हणाल, मग बिअर थोडी कमी करा. पण कमी कशी करणार? एकशे दहा पाहुणे, लग्न दोन दिवसांचं. आमच्याकडे लग्नात रंगवलेला लाकडी वाडगा एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो, आणि शेवटचा पाहुणा निघेपर्यंत तो कोरडा पडता कामा नये. वरच्या वस्तीवर एका घरी तो दुसऱ्या दिवशी दुपारीच कोरडा पडला होता. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. त्या घराला लोक अजून 'कोरड्यांचं घर' म्हणतात आणि त्या नवरीला, जी आता आजी झाली आहे, 'कोरडी काकू' म्हणतात. बरं, पाणी घालून वाढवावी तर पहिल्या घोटालाच सगळ्यांना कळणार. आपल्या पोरीच्या नावाला असलं काही चिकटणार, या विचारानं आन्फिनची झोप उडाली होती.

"आजकालच्या सातूत दमच नाही," तो चिडून म्हणाला. "आमचे वडील दोन पोत्यांत दीडशे लिटर काढायचे. दोन! आणि अशी कडक, की पाद्रीबुवा चालत आले तर बसून जायचे."

"मग दम सातूतला नाही गेला, बाबा," सिग्ने म्हणाली. "दम दागरोस खाते."

"काय?"

"मागच्या खेपेचा चोथा मी चाखला. लापशीसारखा गोड लागला. गोडवा जर चोथ्यातच राहिला तर काढ्यात कुठून येणार?"

"चोथा गोडच असतो."

"कुणी सांगितलं?"

"सव्वीस वर्षं बघतोय मी!"

"सव्वीस वर्षं तुम्ही स्वतःचाच चोथा बघताय."

आन्फिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरगी डेअरीत कामाला, दिवसभर दुधात नळ्या बुडवून आकडे बघणारी. दुधातलं पाणी पकडायचा असतो तसला एक काचेचा तरंगता काटा तिनं काढ्यासाठीही आणला होता. काढा जितका गोड तितका काटा वर तरंगतो. सगळा काढा जमला की काटा ऐंशीवर यायला हवा, असं तिचं म्हणणं. आन्फिनचं म्हणणं, देवानं जीभ कशाला दिली आहे?

"पाणी हळू सोडून बघू या का?" तिनं विचारलं. "तोटी जरा अर्धी—"

"सिग्ने!" आन्फिननं हातच वर केला. "आपल्या घरात तोटी अर्धी सोडत नाहीत. वडिलांनी मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं. तोटी पुरी सोडायची, अर्धी कधी नाही. मरायच्या आदल्या आठवड्यातही मला हेच सांगून गेले."

 सिग्नेनं काटा खिशात घातला.

लग्नाला तीन आठवडे राहिले आणि बिअरचा दिवस उजाडला. आन्फिननं चूलघरात शिरल्या शिरल्या नेहमीप्रमाणे टोपी भिंतीतल्या लाकडी खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या आणि चूल पेटवली. दोन पोती माल्ट पिंपात पडलं तेव्हा पिंप असं रिकामं दिसलं की दोघंही दुसरीकडेच बघायला लागली. पाणी ओतलं, ढवळलं, झाकण घातलं, वर घोंगड्या घातल्या. जुनिपरचा आणि ओल्या सातूचा वास सुटला. हा वास आला की आन्फिनला गाणं म्हणावंसं वाटायचं. आज तो घोंगड्यांची टोकं पुन्हा पुन्हा खोचत बसला.

दहाच्या सुमाराला त्यानं तोटी सोडली. पितळेची, मनगटाएवढी जाड, लखलखीत तोटी. बापाच्या माघारी पहिली खरेदी त्यानं तीच केली होती आणि पाहुण्यांना आधी तीच दाखवायचा. पुरी सोडताच काढा धो धो बादलीत कोसळला, फेसाळला. तो आवाज त्याला फार आवडायचा.

"बघ! कशी धार आहे!"

सिग्नेनं पहिल्या बादलीतलं थोडं घेऊन काटा सोडला. काटा झकास वर तरंगला. "पहिली बादली नेहमीच चांगली असते," ती सावधपणे म्हणाली. आन्फिननं वरून गरम पाणी ओतलं. ते दाण्यांत न थांबता सरळ भोकात गेल्यासारखं खाली उतरलं. दुसऱ्या बादलीत काटा घसरला. तिसऱ्या बादलीत तो असा गटकन बुडाला की सिग्नेनं तो दुसऱ्यांदा सोडून बघितला, मग तिसऱ्यांदा. चाळीस. आन्फिननं चमचाभर काढा तोंडात घेतला. त्याची जीभही चाळीसच म्हणाली.

तो उकिडवा खाली बसला आणि बादलीकडे बघत राहिला. "संपलं," तो म्हणाला. "पोरी, मी तुझ्या लग्नाची माती केली." आणि त्या भल्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. सिग्नेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता भांडायला तिच्यातही त्राण नव्हतं.

"कोण मेलंय?" दारातून आवाज आला.

आली ब्रीता आत्या. आन्फिनच्या बापाची बहीण, वय अठ्ठ्याऐंशी. एका काखेत लग्नाचा वाडगा, दुसऱ्या काखेत विणकामाची पिशवी. वाडगा तिच्याकडे असायचा आणि तो ती स्वतः आणून द्यायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

"काही नाही, आत्या. सातूत दम नाही."

"सातूत?" आत्या वाकून तोटीकडे बघायला लागली. तोटीतून अजून पाणी धो धो पडत होतं. "हे काय रे, आन्फ्या? पिंप धुतोयस का?"

"काढा काढतोय."

"असा? गाय मुतल्यासारखा?"

"आत्या! वडिलांनीच सांगितलंय. तोटी पुरी सोडायची, अर्धी कधी नाही."

"हो, सांगितलंय ना. मला कशाला सांगतोस, मी शेजारी बसून विणायची. पण त्याची तोटी कुठली आणि हा हत्तीचा पाय कुठला!" आत्यानं काठी उचलली आणि भिंतीकडे रोखली. "त्याची तोटी ती बघ. जिच्यावर टोपी अडकवतोस ती."

 मग सिग्नेनं आधी तोटी गच्च बंद केली, आणि मगच भिंतीकडे गेली.

टोपी काढून तिनं खुंटीला धरून हिसडा दिला. सव्वीस वर्षं भिंतीत ठोकलेली ती वस्तू करकरत बाहेर आली. जुनिपरच्या लाकडाची, काळी पडलेली, एका टोकाला निमुळती. मधोमध आरपार भोक होतं. भोक तरी किती? आत्यानं विणकामाची सुई त्यात घातली. सुई कशीबशी शिरली.

"ही पुरी सोडली तरी धार येणार एवढी," आत्या सुई नाचवत म्हणाली. "अर्धी सोडली तर तुंबायची, म्हणून तो ओरडायचा, पुरी सोड म्हणून. सकाळी सोडली की दिवेलागणीपर्यंत चालायचं. आम्ही त्या वेळात मोजे विणायचो. तुझ्या बापाच्या धारेवर मी माझ्या लग्नातले सगळे मोजे विणलेत. आणि चोथा? चोथ्याला गाय तोंड लावायची नाही. बटाट्यांच्या वाफ्यात टाकायचो आम्ही."

आन्फिन त्या भोकाकडे बघतच राहिला. ही खुंटी त्यानंच, बापाची आठवण म्हणून, कौतुकानं भिंतीत ठोकली होती. रोज तिच्यावर टोपी अडकवत होता आणि रोज तिच्यासमोर बापाचा शब्द पाळायचा म्हणून बापाच्या उलट करत होता. दरसाल एक पोतं! सव्वीस पोती सातूचा गोडवा त्यानं आपल्या हातानं नेऊन दागरोसच्या आणि तिच्या आईच्या आणि तिच्या आजीच्या तोंडात घातला होता.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते नंतर," आत्या म्हणाली. "आधी काढा परत ओत."

मग काय विचारता! तिन्ही बादल्या गरम करून परत पिंपात गेल्या. सिग्नेनं लांब वल्ह्यानं सगळं तळापासून ढवळलं, दाणे मोकळे केले, झाकण घातलं. अर्धा तास कुणी हात लावला नाही. तेवढ्यात आन्फिननं तीनदा झाकणाकडे हात नेला आणि तीनदा आत्यानं सुई टोचली. मग सिग्नेनं पितळी तोटी केसभर फिरवली, आणखी केसभर. आत्यानं धारेशेजारी सुई धरली. "अजून थोडी. बास! हलवू नकोस."

सुईएवढी धार सुरू झाली. आवाज म्हणाल तर नुसता टिपटिप, मांजर दूध पितं तेवढा. आन्फिनला हे बघवेना. तो उठला, बसला, लाकडं रचली, रचलेली मोडून पुन्हा रचली.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"कुठे जाऊ? माझी टोपी कुठाय?"

टोपीला आता खुंटीच नव्हती. मघापासून ती सिग्नेच्या हातात होती आणि पाणी ओतायला हात मोकळा हवा म्हणून तिनं ती आपल्याच डोक्यावर ठेवून दिली होती. कानांपर्यंत उतरली होती, पण तिला भान नव्हतं. ती ओगराळ्यानं गरम पाणी हळूहळू पसरून ओतत होती, वाकून धार बघत होती, काटा सोडत होती. आन्फिन तिच्याकडे बघत राहिला. त्याचा बाप अस्साच वाकायचा. तो परत खाली बसला. आत्यानं त्याच्या हातात लोकरीचा गुंडा दिला. "धर. गुंतवू नकोस."

त्या दिवशी चूलघरात तिघांनी जितकं हसून घेतलं तितकं वर्षभरात हसले नसतील. आत्यानं कोरड्या काकूच्या लग्नाची खरी गोष्ट सांगितली. वाडगा कोरडा पडला कारण नवऱ्या मुलाचा काका पिंपामागे झोपला होता आणि तोटी त्याच्या तोंडाशी होती. कॉफीची किटली तीनदा भरली, मेंढीचं खारवलेलं मटण आणि पातळ भाकऱ्या आल्या. दर बादलीला सिग्ने आकडा ओरडायची आणि आन्फिन दचकायचा. चौथी बादलीही गोड, पाचवीही गोड. आठवीनंतर गोडी हळूहळू उतरत गेली, शहाण्यासारखी, पायरी पायरीनं. दुपारी चारला शेवटची धार आली तेव्हा सिग्नेनं पिंपातला मूठभर चोथा बापाच्या तोंडासमोर धरला.

आन्फिननं चावला. पुन्हा चावला. ओलं गवत.

"काही लागत नाही!" तो ओरडला. "आत्या, कसलीच चव नाही! भिकार आहे! इतका भिकार चोथा मी जन्मात खाल्ला नाही!" आणि त्यानं आनंदानं आणखी एक मूठ तोंडात घातली.

काढा आटवून झाल्यावर मोठ्या पिंपात भरला. दीडशे लिटर, वर एक लोटी जास्तच. सिग्नेनं काटा सोडला. तो डुलला, स्थिरावला. ब्याऐंशी.  आन्फिननं लेकीला मिठी मारली, टोपीसकट. चोथ्याच्या बादल्या नेहमीप्रमाणे वर गोठ्यात पोचवल्या, आणि काढा निवायला ठेवून सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यीस्ट घालायचं. घरचंच, आजोबांच्या आजीपासून चालत आलेलं, वाळवून डब्यात जपलेलं. ते घालताना जोरात ओरडायचं असतं. भुतंखेतं पळतात म्हणतात, आणि जितकी मोठी आरोळी तितकी बिअर तरतरीत. पुटपुटत घातलं तर बिअरही झोपाळू होते. आणि ओरडायचं कुणी, तर ज्यानं पिंप सांभाळलं त्यानं. सव्वीस वर्षं आन्फिनच ओरडत आला होता. त्याची आरोळी खालच्या रस्त्यापर्यंत जायची.

त्यानं डबा उघडला, आणि सिग्नेच्या हातात दिला.

"मी?" ती म्हणाली.

"पिंप कुणी सांभाळलं?"

"बाबा, पण तुमचा मान—"

"माझा मान दागरोस खाऊन बसली आहे. तू घाल. आणि लाजत ओरडशील तर याद राख."

सिग्नेनं यीस्ट काढ्यावर सोडलं, डोकं मागे टाकलं आणि अशी काही आरोळी ठोकली की छपरावरचे कावळे उडाले आणि आत्यानं कानातलं यंत्र काढून ठेवलं. आरोळी विरते न विरते तोच दार धाडकन उघडलं.

दारात तोर्स्टाइन. हातात काठोकाठ भरलेली चोथ्याची बादली. चेहरा लालबुंद.

"आन्फिन! काय दिलंस हे माझ्या गाईला?"

"का रे?"

"तोंड लावत नाही! काल संध्याकाळी हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच चोरलंय. आज सकाळी बादलीला लाथ मारली. दागरोसनं! आजारी आहे का ती? की तुझ्या सातूला काही झालंय?"

आन्फिन बादलीकडे बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू वर यायला लागलं, खांदे हलायला लागले, डोळे वाहायला लागले. त्यानं तोर्स्टाइनला कवटाळलं, बादलीसकट, आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. असलं काही आमच्या दरीत कुणी करत नाही.

"गाय ठणठणीत आहे रे," तो हसता हसता म्हणाला. "आजारी मी होतो. सव्वीस वर्षं!"

लग्न थाटात झालं. वाडगा दोन दिवस फिरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एस्पेनच्या बर्गनच्या काकांनी "आता पुरे, खरंच पुरे" म्हणत हात जोडले, तेव्हाही पिंपात बिअर होती. कोरडी काकू स्वतः येऊन वाडग्यात डोकावून बघून गेली आणि भरलेला बघून सिग्नेचा गाल तिनं कुरवाळला. दागरोसला आन्फिननं ओट्सचं एक पोतं नेऊन दिलं, माफी म्हणून. ती अजून त्याच्याशी धड वागत नाही.

आणि नवीन खेपेच्या आधी त्यानं चूलघरात एकच दुरुस्ती केली. बापाची काळी तोटी घासूनपुसून पिंपाच्या बुडात बसवली, आणि पितळी तोटी भिंतीतल्या त्या रिकाम्या भोकात ठोकली. लखलखीत आहे, भक्कम आहे, खुंटी म्हणून झकास आहे. बिअरच्या दिवशी तिच्यावर टोपी असते. पण ती आता सिग्नेची असते.